न घेतलेला हत्ती

चॅम्पियनचं बुद्धिबळातलं अजिंक्यपद राहणार की जाणार, याचा निकाल त्या दिवशी दुपारी लागायचा होता, आणि चॅम्पियन सकाळपासून कॉलरवरून भांडत बसले होते.

"ही मऊ पडलीय," ते म्हणाले. "मी काय माफी मागायला चाललोय?"

त्यांच्या लेकीने शर्ट परत घेतला आणि खाली नेला. खाली तिची लाँड्री होती आणि वरच्या दोन खोल्यांत बापलेक राहत. गल्लीतली लहानथोर सगळी तिला ताई म्हणत. कॉलरला पुन्हा खळ लावून ती इस्त्रीखाली दाबताना ताईच्या मनात आलं, की हा माणूस जगाशी भांडला, पंचांशी भांडला, खुर्च्यांशी भांडला, आता एक कापड तेवढं राहिलं होतं. एरवी तिला हसू आलं असतं. आज नाही आलं.

खुर्च्यांचं भांडण ही काही थट्टा नव्हे. उमेदीच्या काळात चॅम्पियन खेळायला बसण्याआधी खुर्ची उलटी करून तपासायला लावत, आत काही लपवलंय का म्हणून. समोरचा खेळाडू फार वेळा नाक शिंकरतो, तो कुणाला तरी खुणा करतो, अशी लेखी तक्रार त्यांनी केली होती. त्या बिचाऱ्याला सर्दी झाली होती. बक्षीस समारंभातून ते उठून गेले, वार्ताहरांना तोंडाला येईल ते बोलले, हस्तांदोलनाला पुढे आलेले हात तसेच हवेत ठेवले. आणि हे सगळं करून देशाचं अजिंक्यपद जिंकले, तेही असं खेळून की वैऱ्यांनाही टाळ्या वाजवाव्या लागल्या. पुढच्या वर्षी महासंघाशी बिनसलं आणि त्यांनी पटच सोडला. ते पद राखायला पुन्हा कधी उतरले नाहीत. पुस्तक लिहिलं नाही, शिष्य केले नाहीत, घराबाहेर कुणाला आपली बाजी समजावून सांगितली नाही. नातेवाईक एकेक करून तुटले. बायको गेल्यावर त्यांच्या वाट्याला एक ताई तेवढी उरली.

आता म्हातारपणी हे नवं लचांड उपटलं होतं. महासंघाचे जुने सचिव मरणापूर्वी एका मुलाखतीत बोलून गेले, की चॅम्पियनने ज्या शेवटच्या बाजीवर पद मिळवलं, ती बाजी आधीच ठरलेली होती. समोरच्याला हरायला आम्हीच सांगितलं होतं. आम्हाला हा भांडखोर गडी विजेता हवा होता, कारण त्याच्यामुळे पेपरात बातम्या यायच्या. एवढं बोलून सचिव निघून गेले, आणि मागे धुरळा उठला. महासंघाने समिती नेमली. पद काढून घ्यायचं का, सभागृहातल्या पितळी पाटीवरून नाव खोडायचं का, यावर आज सुनावणी होती.

बाजीत बोट ठेवायला जागा होतीच. मध्यावर समोरच्याने आपला हत्ती उघडा टाकला होता, अगदी फुकट. आणि चॅम्पियनने तो घेतला नव्हता. लोक म्हणत, नाटक! लगेच घेतला असता तर बिंग फुटलं असतं, म्हणून साळसूदपणे सोडला आणि मग सावकाश जिंकला.

चॅम्पियनला या बोलण्याचं काहीच वाटत नसे. कारण तो हत्ती न घेणं ही त्यांच्या आयुष्यातली सर्वांत मोठी चाल होती.

"सापळा होता तो," असं ते ताईला किती वेळा सांगून झाले होते, त्याला गणतीच नाही. "वजिराने हत्ती मारला, की त्याचा उंट लांबच्या कर्णावर येतो. मग घोड्याचा शह. माझा राजा कोपऱ्यात, आणि पुढच्याच चालीत मात. एवढ्या खोलवरचा सापळा त्या काळात कुणी लावला नव्हता, आणि कुणी ओळखलाही नसता. मी ओळखला. पद वगैरे सोड गं. ते कुणीतरी दरवर्षी जिंकतोच."

हे सांगताना त्यांचा चेहरा निवळत असे. दिवसभर ज्याच्या नाकावर माशी बसत नाही, तो माणूस तेवढ्यापुरता कुणाचा तरी बाप वाटायचा. ताईला लहानपणापासून ती गोष्ट पाठ होती आणि तिला ती आवडायची, ती गोष्टीपेक्षा त्या चेहऱ्यासाठी.

आणि तिथेच तर सगळी गोम होती. काही वर्षांपूर्वी त्यांच्या वाढदिवसाला त्या चालीचं चित्र करून घ्यावं, म्हणून ताईने तो डाव मोबाईलवर मांडला. मोबाईलने क्षणात सांगितलं, हत्ती फुकट आहे, घ्या. तिने पुन्हा मांडला. पुन्हा तेच. सापळा नव्हताच. घोडा शह द्यायला येतो खरा, पण तोवर हत्ती मारून वजीर ज्या घरात जाऊन बसलेला असतो, तिथून तो घोडा सरळ मारता येतो. बाबांच्या डोक्यात वजीर जुन्याच घरात उभा राहिला होता. पटाचं जुनं चित्र डोळ्यापुढून हलत नाही आणि माणूस हललेल्या मोहऱ्याला न हललेलं धरून पुढचं सगळं बरोबर मोजतो. ही चूक नवशिक्याला करताच येत नाही. त्यासाठी डोक्यात आख्खा पट धरता यावा लागतो.

चॅम्पियन मोहरे हाताने हलवून कधीच विचार करत नसत. "हात लावून विचार करतो तो हमाल," असं त्यांचं म्हणणं. घरात पट कायम मांडलेला असे, पण ते त्याच्याकडे नुसते बघत बसायचे. ताईने मोबाईल बंद केला आणि मूग गिळून गप्प बसली. तेव्हापासून घरात साधा, बटणांचा फोन. बुद्धिबळाचं मासिक आलं तर आधी ती चाळणार आणि मग ते वर जाणार. एकदा दुकानात एक गिऱ्हाईक उत्साहाने म्हणालं, "तुमच्या वडिलांची ती बाजी मी कॉम्प्युटरवर..." तर तिने त्याचा कोट न धुताच परत दिला होता.

कॉलर कडक झाली. शर्ट मावशींच्या हाती वर पाठवून (मावशी म्हणजे दुकानात इस्त्री करणाऱ्या बाई, बाबांचं कडू बोलणं या कानाने ऐकून त्या कानाने सोडण्यात तरबेज) ताई बाहेर पडली. सुनावणीच्या आधी तिला एका माणसाला गाठायचं होतं.

तो माणूस म्हणजे त्या बाजीत हरलेला खेळाडू. त्याला आता सगळे मास्तर म्हणत. एका जुन्या इमारतीच्या तळमजल्यावर ते मुलांना बुद्धिबळ शिकवत. समितीने त्यांना बोलावलं होतं. त्यांनी उत्तर दिलं नव्हतं. ताईचे फोनही उचलले नव्हते.

वर्ग सुटला होता. मास्तर टेबलांवरचे मोहरे डब्यात भरत होते. ताईला पाहून त्यांनी डब्याचं झाकण लावलं.

"नाक तुझ्या बापाचं आहे," ते म्हणाले. "बस. पण मी येणार नाही."

"काका, एवढंच सांगायचंय की तुम्ही बाजी सोडली नव्हती."

"सोडली होती."

इतके दिवस तिने मनाशी धरलं होतं, की सचिव म्हातारपणी काहीबाही बरळले असतील.

"सचिवांनी मला बोलावून सांगितलं," मास्तर म्हणाले. "हरलास तर परदेश दौऱ्याच्या संघात तुझं नाव. जिंकलास तर घरी बस. मी हो म्हटलं. तुझ्या बापाला यातलं काही माहीत नव्हतं. त्याला कोण विश्वासात घेणार? तो खुर्चीवरसुद्धा विश्वास ठेवत नव्हता."

"म्हणजे हत्ती..."

"मुद्दाम ठेवला. थाळीत वाढून ठेवतात तसा." मास्तरांचा आवाज चढला. "आणि त्याने काय केलं? बराच वेळ हत्तीकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मग माझ्या हत्तीला हात न लावता एक साधं प्यादं सरकवलं! मी समजलो. याला कळलंय, आणि हा माझ्या तोंडावर थुंकतोय. तुझी भीक नको म्हणतोय. अंगाचा तिळपापड झाला माझ्या. म्हटलं खड्ड्यात गेला दौरा, आता तुला दाखवतो. हत्ती मागे घेतला आणि जीव तोडून खेळलो, जिंकायला खेळलो. आयुष्यात तसा कधी खेळलो नाही."

"आणि?"

मास्तर खिडकीकडे बघायला लागले. "आणि हरलो. सरळ सरळ हरवलं त्याने मला. दौऱ्यावर मात्र गेलो. सचिवांना वाटलं मी शब्द पाळला. मित्रांना वाटलं दिली बाजी. मीही कधी नाही म्हटलं नाही. दिली म्हटलं की माणूस मोठा वाटतो. हरला म्हटलं की हरलेलाच."

ताईला त्यांचा राग आला. लोकांनी आपल्या बापाला चोर म्हणावं आणि या गृहस्थाने मिशीत हसत बसावं! पण रागाच्या मागोमाग तिला दुसरंच काही कळलं आणि तिने खुर्चीची पाठ घट्ट धरली.

"काका, बाबा थुंकले नव्हते. त्यांना तो सापळा वाटला."

"कसला सापळा?"

तिने सांगितलं. उंट, घोडा, शह, कोपऱ्यातला राजा. मास्तर मनातल्या मनात पट मांडत ऐकत होते आणि एका जागी त्यांच्या भुवया वर गेल्या.

"पण वजीर तर..."

"हो. वजीर तिथे असतो. बाबांना ते दिसलेलं नाही. अजून नाही."

मास्तर मटकन खाली बसले. तो अपमान त्यांनी इतकी वर्षं उराशी जपला होता, आणि तो झालाच नव्हता. थोडा वेळ ते हसले, मग हसता हसता थांबले.

"अजून सांगतो? सापळा म्हणून?"

"तेवढ्यावरच जगतायत," ताई म्हणाली. "म्हणून हात जोडते. तुम्ही या, सगळं खरं सांगा. पण बाबा खोलीत नसताना. मी त्यांना बाहेर बसवते. पद राहू दे आणि ही चालही राहू दे. मला दोन्ही हवंय."

मास्तरांनी तिच्याकडे असं पाहिलं, जसं ते घाईने चाल करणाऱ्या पोरांकडे पाहत असणार. पण ते उठले आणि त्यांनी कोट चढवला.

महासंघाची कचेरी एका इमारतीच्या वरच्या मजल्यावर होती. बाहेर बाकं टाकलेली एक अरुंद खोली, आत समितीचं लांब टेबल. चॅम्पियन मावशींबरोबर आधीच येऊन बसले होते. कॉलर ताठ, हनुवटी त्याहून ताठ. मास्तर आत जाताना दिसले तेव्हा त्यांनी मान फिरवली.

"हा कशाला आलाय?"

"साक्षीला," ताई म्हणाली. "बाबा, तुम्ही इथेच बसा. ते बोलावतील तेव्हाच जायचं. मी आत जाऊन बघते."

"मला कोण बसवतंय?"

"मी बसवतेय," ती म्हणाली, आणि मावशींना डोळ्यांनीच खुणावून आत गेली.

समितीच्या अध्यक्षबाई एकेकाळच्या नावाजलेल्या खेळाडू, कमी बोलणाऱ्या. शेजारी दोन सदस्य. टेबलावर एक पट, त्यावर तो हत्तीचा डाव मांडलेला, आणि बाजूला लॅपटॉप. मास्तरांनी उभं राहूनच सगळं सांगितलं, काही हातचं न राखता. दौऱ्याचा शब्द, हत्ती, न घेतलेला हत्ती, आपला राग. शेवटचं वाक्य त्यांच्या जिवावर आलं, पण तेही म्हणाले, "मी जिंकायला खेळलो आणि हरलो."

ताईला वाटलं, झालं, पद राहिलं.

अध्यक्षबाईंनी मात्र मान हलवली. "तुमच्या बाजूचं कळलं. पण त्यांनी हत्ती का घेतला नाही, हे तुम्ही सांगू शकत नाही. कॉम्प्युटर म्हणतो, हत्ती निव्वळ फुकट आहे. एवढा मोठा खेळाडू फुकटचा हत्ती सोडतो. म्हणजे एकतर त्यांना सौदा माहीत होता आणि ते नाटक करत होते, नाहीतर..."

"नाहीतर तो सापळा होता!"

दार उघडं होतं. चौकटीत चॅम्पियन उभे होते आणि त्यांच्यामागे मावशी कपाळाला हात लावून.

"बाबा, बाहेर..."

"बाहेर काय? दाराला कान आहेत की नाही? फुकट म्हणे!" ते टेबलाशी आले. लॅपटॉपकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. थेट मास्तरांसमोर उभे राहिले, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांच्याशी बोलले. "तू सांग यांना. तू लावला होतास. वजिराने मारला की उंट, मग घोडा, मग मात. होता ना सापळा?"

त्या प्रश्नात भांडण नव्हतं. भांडखोर माणसाने आयुष्यात एकदा कुणाची तरी पावती मागितली होती, आणि तीही अशा माणसाकडे, ज्याच्यापाशी ती नव्हती.

मास्तरांनी एकवार ताईकडे पाहिलं.

"होता," ते म्हणाले. "होता सापळा. तू ओळखलास."

चॅम्पियनच्या चेहऱ्यावर ते निवळणं आलं. ताईला ते बघवेना.

"थांबा," एक सदस्य म्हणाले. "आत्ता तर तुम्ही म्हणालात, हत्ती मुद्दाम फुकट ठेवला. आता म्हणता सापळा. यातलं खरं कोणतं?"

मास्तर कोटाचं बटण चाचपत राहिले.

अध्यक्षबाईंनी पेन खाली ठेवलं. "मास्तर, दोन्ही खरं असू शकत नाही. तुम्ही कुणाच्या तरी भिडेला पडून बोलताय. अशी साक्ष आम्हाला धरता येणार नाही. मग उरतं एवढंच, की बाजी ठरलेली होती हे सचिव सांगून गेले, हत्ती फुकट होता हे पटावर दिसतंय, आणि तो न घेण्याला कारण नाही."

"कारण सांगितलं ना!" चॅम्पियन गरजले.

"सर, तो सापळा पटावर नाही."

"तुमच्या डब्याला दिसत नसेल!"

दोन्ही सदस्य एकमेकांकडे बघायला लागले. त्यातल्या एकाच्या ओठांवर हसू होतं, आणि ते ताईच्या जिव्हारी लागलं. म्हातारा खोटारडा, असंच ते हसू म्हणत होतं. तिला कळून चुकलं, की आता दोन्ही मिळणार नाही. गप्प राहिलं तर बाबा आपली चाल उराशी धरून घरी जातील आणि पाटीवरून नाव जाईल, चोर म्हणून जाईल. बोललं तर नाव राहील. आणि बाबा? खरी गोष्ट या खोलीत तिला आणि मास्तरांनाच माहीत होती. मास्तर तर आपल्या हाताने ती पुसून बसले होते.

"बाबा," ती म्हणाली. "यांना पटावर मांडून दाखवा. हाताने."

"हाताने कशाला? मी सांगतो ना..."

"यांना डोक्यातलं दिसत नाही, बाबा. हाताने दाखवा."

मास्तर पुटपुटले, "पोरी, नको." तिने ऐकलं नाही.

चॅम्पियनने नाक मुरडलं, हमालाचं काम सांगितल्यासारखं. मग बाही सावरून ते पटावर वाकले. "बघा आणि शिका," ते म्हणाले. वजीर उचलला. पटावरून आडवा नेला. मास्तरांचा हत्ती उचलून बाजूला ठेवला आणि त्या जागी वजीर ठेवला, टक्कन आवाज करून.

"आता याचा उंट." उंट लांबच्या कर्णावर आला. "मी इथे प्यादं ढकलतो, दुसरं काही करता येत नाही. आणि आता," त्यांचा आवाज चढला, "घोडा! शह! राजा कोपऱ्यात जाणार, आणि..."

घोडा घरात ठेवून त्यांनी बोटं काढली आणि राजाकडे नेली. बोटं राजापर्यंत पोचली नाहीत.

ते घोड्याकडे बघत होते. मग त्यांची नजर घोड्यावरून निघून एका सरळ रेषेत मागे गेली. त्या रेषेत मध्ये काहीच नव्हतं. रेषेच्या टोकाला त्यांनी स्वतःच्या हाताने आत्ताच ठेवलेला वजीर उभा होता.

त्यांनी जुन्या घराकडे पाहिलं, वजीर आधी जिथे होता त्या रिकाम्या घराकडे. पुन्हा नव्या घराकडे. ओठ हलत होते, सगळं पहिल्यापासून मोजत असावेत. घोडा परत नेला, पुन्हा आणला. वजीर तिथेच होता.

"वजीर इथे येतो," ते हळूच म्हणाले.

मास्तरांनी खुर्ची सरकवली. आयुष्यात पहिल्यांदा चॅम्पियन खुर्ची न तपासता बसले.

अध्यक्षबाई बराच वेळ त्यांच्याकडे बघत राहिल्या. त्या खेळल्या होत्या. आत्ता जे पाहिलं ते काय होतं, हे त्यांना सांगावं लागणार नव्हतं. त्या सदस्यांकडे वळल्या. "सौदा माहीत असलेल्या माणसाला सापळा दिसत नाही. त्याला फुकटचा हत्ती दिसतो. यांना खरंच भीती वाटली होती. हे नाटक नाही, आणि मास्तरांची पहिली साक्षच खरी." मग चॅम्पियनकडे वळून, आवाज खाली आणून म्हणाल्या, "सर, पद तुमचंच आहे. यापुढे कुणी त्यावर बोट ठेवणार नाही."

दोघा सदस्यांनी माना डोलावल्या. मघाशी हसलेला सदस्य उठून हात पुढे करून आला. चॅम्पियनला तो दिसलाच नाही.

"तू हरायला खेळलास?" त्यांनी मास्तरांना विचारलं.

"त्या एका चालीपुरता. पुढचं सगळं जिंकायला."

"आणि मी जिंकलो."

"चांगलाच."

चॅम्पियनने ते ऐकलं, पण त्यात त्यांचं मन नव्हतं. ते वळून ताईकडे बघायला लागले. तिला वाटलं, आता ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं.

"तुला ठाऊक होतं," ते म्हणाले.

"हो."

"कधीपासून?"

"बरीच वर्षं झाली, बाबा."

"म्हणून फोन साधा."

"हो."

"आणि मी तुला सांगायचो तेव्हा तू ऐकून घ्यायचीस. पुन्हा सांगा म्हणायचीस."

ताईचे डोळे भरून आले. "मला ते ऐकायला आवडायचं. खरंच आवडायचं, बाबा. तुम्ही सांगताना..."

चॅम्पियन मास्तरांकडे बोट करून म्हणाले, "याने एकदा मला फुकट हत्ती दिला, तो मी घेतला नाही. आणि घरात तू मला रोज एक देत होतीस. मी रोज खात होतो."

ते उठले. खोलीबाहेर जिना होता, अरुंद आणि उताराचा. ताई धावत पुढे गेली, एक पायरी खाली उतरून वळली आणि नेहमीसारखा हात पुढे केला. चॅम्पियनने तो हात नीट पाहिला. मग मास्तरांच्या दंडाला धरून, तिच्या शेजारून पुढे, एकेक पायरी जपून ते खाली उतरायला लागले.